पाणी आग का विझवते? उष्णता आणि ज्वलन यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

थंड पाण्याने भरलेले भांडे पेटत्या गॅसवर ठेवले, की पहिल्या मिनिटाभरात त्याच्या बुडाला बाहेरून बारीक थेंब जमतात आणि भांडे तापले की ते नाहीसे होतात. भांडे गळते की काय, अशी शंका अनेकांना येते. पण ते पाणी भांड्यातले नसते, ज्योतीतून आलेले असते. ज्या पाण्याने आपण आग विझवतो ते आगीतच तयार होते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. पाणी आणि अग्नी ही दोन परस्परविरोधी मूलतत्त्वे मानली जात, आणि ‘पाणी थंड असते म्हणून आग विझते’ या उत्तरावर समाधान मानले जाई. हे उत्तर अपुरे आहे, कारण उकळते पाणीही आग विझवते.

खरे उत्तर मिळण्यासाठी आधी तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांच्या मापनश्रेणी 1742 पर्यंत तयार झाल्या होत्या, तरी तापमापी जे दाखवतो तीच उष्णता, असा सर्वसाधारण समज होता. त्यानुसार बर्फ एकदा द्रवणांकापर्यंत आला, की थोड्याशा उष्णतेने तो सगळाच्या सगळा वितळायला हवा. ग्लासगो विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांना हे पटेना. तसे असते तर थंडी सरताच डोंगरावरचा सारा बर्फ एकदम वितळून पूर आले असते; प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे टिकून राहतो.

ब्लॅक यांनी पातळ काचेचे दोन सारखे चंबू घेतले. एकात 32 अंश फॅरनहाइटचा, म्हणजे वितळण्याच्या बेतात असलेला बर्फ होता आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे 33 अंशांचे पाणी. दोन्ही चंबू 47 अंश तापमानाच्या एका मोठ्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात 40 अंशांवर पोहोचले. बर्फाला वितळून तेवढ्याच तापमानावर यायला साडेदहा तास लागले. दोन्ही चंबूंना दालनातील हवेतून सारख्याच वेगाने उष्णता मिळत असली पाहिजे, असे धरून त्यांनी हिशेब मांडला: 21 अर्धे तास, दर अर्ध्या तासाला 7 अंश, म्हणजे 147 अंशांची उष्णता बर्फात शिरली, त्यापैकी तापमापीवर उमटले फक्त 8. उरलेले 139 अंश निव्वळ वितळण्यात खर्च झाले. आजचे अचूक मूल्य 144 अंश आहे. दोन चंबू, एक तापमापी आणि दिवसभर थांबण्याची तयारी एवढ्याच भांडवलावर इतक्या जवळ पोहोचलेला हा प्रयोग मला विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. ही दडून बसणारी उष्णता, म्हणजेच अप्रकट उष्मा, ब्लॅक यांनी 1762 मध्ये ग्लासगोतील विद्वानांच्या मंडळापुढे मांडली.

पाण्याची वाफ होताना ही उष्णता आणखी कितीतरी जास्त लागते. त्याच विद्यापीठासाठी उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांना वाफेच्या इंजिनावर काम करताना आढळले, की थोडी वाफ थंड पाण्यात सोडली तर ती स्वतःच्या सुमारे सहापट वजनाच्या पाण्याला उकळीपर्यंत नेते. याचे कारण त्यांना ब्लॅक यांच्याकडून समजले. आजच्या एककांत सांगायचे, तर 20 अंश सेल्सिअसचे एक किलो पाणी उकळीला आणायला सुमारे 335 किलोज्यूल उष्णता पुरते, पण उकळलेल्या त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 2260 किलोज्यूल लागतात. उकळते पाणीही आग विझवू शकते ते यामुळेच. आगीची बहुतेक उष्णता पाणी तापवण्यात नव्हे, तर त्याची वाफ करण्यात खर्ची पडते.

ज्वलनाचे कोडे सुटायला याहून उशीर लागला. जळणाऱ्या पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, ही जर्मन रसायनज्ञ श्टाल यांची कल्पना जवळजवळ शतकभर टिकली. लाकूड जळून चिमूटभर राख उरते, त्यामुळे ती पटण्याजोगीही होती. अडचण धातूंची होती, कारण हवेत तापवल्यावर त्यांचे वजन वाढते. हे फ्रेंच वैद्य झां रे यांनी 1630 मध्येच नोंदवले होते, पण त्याचा खरा अर्थ फ्रेंच रसायनज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी लावला. गंधक आणि फॉस्फरसही जळल्यावर जड होतात, हे त्यांनी 1772 मध्ये पाहिले. दोन वर्षांनी इंग्लिश रसायनज्ञ प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या तांबड्या भस्मातून एक नवा वायू मिळवला. जळणे म्हणजे काही बाहेर टाकणे नव्हे, तर हवेतील हाच वायू, ऑक्सिजन, धरून ठेवणे, हे लाव्हाझिए यांनी त्यानंतरच्या दशकात सिद्ध केले.

पाण्याचा उलगडा याच वादातून झाला. इंग्लिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांनी ज्वलनशील हवा, म्हणजे हायड्रोजन, बंद भांड्यात जाळला तेव्हा आत शुद्ध पाणी जमले. कॅव्हेंडिश मात्र फ्लॉजिस्टनच्याच भाषेत विचार करत राहिले. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हे 1783 मध्ये स्पष्टपणे सांगितले लाव्हाझिए यांनी. पुढे तापून लाल झालेल्या लोखंडी बंदुकीच्या नळीतून पाणी सोडून त्यांनी हायड्रोजन परतही मिळवला. पाणी म्हणजे जळून चुकलेला हायड्रोजन, आणि म्हणूनच ते स्वतः पेट घेत नाही. गॅस, मेण, लाकूड या सर्वांत हायड्रोजन असल्याने त्यांच्या ज्योतीतून वाफ निघते आणि थंड बुडावर थेंब होऊन बसते.

आग विझवणारे जवान पाण्याचा बारीक फवारा वापरतात, तोही याच कारणाने: थेंब जितके लहान, तितकी वाफ लवकर होते, आणि मूळ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा व्यापणारी ही वाफ ज्योतीपासून हवा दूर सारते. पेटलेल्या तेलावर मात्र हा उपाय घातक ठरतो. पाणी जड असल्याने उकळत्या तेलाखाली जाते, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती जळते तेल चहूकडे उडवते. अशा वेळी भांड्यावर घट्ट झाकण ठेवून ऑक्सिजन तोडणे आणि खालची आच बंद करणे हाच योग्य मार्ग आहे; भांडे पूर्ण निवेपर्यंत झाकण काढू नये, कारण तेल पुरेसे तापलेले असेल तर हवा मिळताच ते पुन्हा पेट घेते.