आतड्यापुरतं दिलेलं औषध रक्तात जातं तेव्हा

ठाण्यात असो, कळव्यात असो की वाशीत, एनआयसीयूबाहेर (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर) बसलेली घरची माणसं हमखास विचारतात: आजार पोटाचा आहे ना, मग औषध नळीतून पोटातच का देत नाही? एवढ्याशा हाताला सुया कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. 1970च्या दशकात डॉक्टरांनीही नेमकं हेच करून पाहिलं होतं.

आजाराचं नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, वॉर्डात म्हणतात ‘एनईसी’. अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं पोट फुगतं, शीतून रक्त जातं, आतड्याचा तुकडाच मरू लागतो. यात जंतूंचा हात असतो. मग ते आतड्यातच मारावेत, असा विचार पुढे आला. त्यासाठी निवडलं कॅनामायसिन, नंतर त्याच गटातलं अँटिबायोटिक जेंटामायसिन. मोठ्या माणसाच्या निरोगी आतड्यातून ही औषधं जेमतेम एक टक्का रक्तात जातात. म्हणजे पोटात काम करतील आणि शीवाटे निघून जातील. सुरुवातीच्या चाचण्यांनी आशाही दाखवली.

पण हिशेब मोठ्या माणसाच्या आतड्याचा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं, आणि सूज आली की ते आणखी सैल पडतं. औषध रक्तात झिरपतं. ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडंही तयार झालेली नसतात. शिवाय याच गटातलं औषध शिरेतूनही चालू असेल, तर दोन्हींची बेरीज होते. या औषधांचा जास्त डोस मूत्रपिंडाला आणि कानाला घातक. ज्या बाळाला उपायाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच आतड्यातून गळती सगळ्यात जास्त. मला तरी या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

1980च्या एका चाचणीत आजार जडलेल्या बाळांना तोंडावाटे जेंटामायसिन देऊन फायदा दिसला नाही. 2001 मध्ये 5 चाचण्यांतल्या 456 बाळांचा एकत्रित आढावा निघाला. आजार टाळायला औषधाची मदत होते, असं त्यात दिसलं. पण औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची भीती राहिली आणि सरसकट वापराची शिफारस झाली नाही.

तोवर लक्ष दुधाकडे वळलं होतं. 1990च्या ब्रिटिश अभ्यासात फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये हा आजार फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा 6 ते 10 पट आढळला. त्याच्या आदल्याच वर्षी, ठाण्याहून लोकलने सहज गाठता येणाऱ्या शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी भारतातली मातांच्या दुधाची पहिली बँक सुरू केली होती. म्हणून एनआयसीयूतल्या बाळासाठी दूध काढणाऱ्या आईला आडोसा, बसायला खुर्ची आणि वेळेवर जेवण मिळणं हा मी उपचाराचाच भाग मानते.