छेदात कोण बसलंय?

गणपतीत सगळे जमले की आमचे काका एक वाक्य हमखास टाकतात. "आमच्या आजोळी घरटी सात-सात पोरं. पंगत बसली की ओसरी पुरायची नाही." पुरावाही घरातलाच असतो. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, सात भावंडांतली.

यंदा मोदकांचं आवरून झाल्यावर मी जुनी वही काढून आजीच्या माहेरची वंशावळ मांडायला बसले. पणजी धरून त्या पाच बहिणी. पणजीला सात मुलं, दुसरीला चार, तिसरीला तीन, चौथीला एक. पाचवी लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, तिला मूलबाळ नाही. पाच बायका, पंधरा मुलं. सरासरी तीन. काकांचे सात कुठे आणि हे तीन कुठे!

पण काका थापा मारत नव्हते. ते मुलांच्या बाजूने मोजत होते. या पंधरा जणांना ओळीने उभं करून एकेकाला विचारा, "तुझ्या आईला मुलं किती?" सात जण म्हणणार सात, चार जण म्हणणार चार, तिघं म्हणणार तीन, आणि एक जण म्हणणार एक. उत्तरांची बेरीज ७५. भागिले १५, म्हणजे पाच. घरं तीच, माणसं तीच. आयांना विचारलं तर तीन, मुलांना विचारलं तर पाच.

कारण साधं आहे. मोठं कुटुंब सात साक्षीदार पाठवतं, एकुलत्याच्या घरून एकच येतो आणि पाचव्या बहिणीच्या वतीने बोलायला कुणीच येत नाही. शाळेतल्या अपूर्णांकांच्या भाषेत सांगायचं तर छेदात आया बसवल्या की तिची जागा पक्की असते, मुलं बसवली की ती गळते. सॅम्युएल प्रेस्टन या अमेरिकन लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली 'डेमोग्राफी' या नियतकालिकात या दोन सरासऱ्यांचं नातं नेमकं मांडलं. मुलांकडून मिळणारी सरासरी म्हणजे आयांची सरासरी, अधिक विचरण भागिले तीच सरासरी. विचरण म्हणजे प्रत्येकीचा आकडा सरासरीपासून जितका दूर, त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. आमच्या वहीत विचरण ६, सरासरी ३. सहा भागिले तीन दोन, आणि तीन अधिक दोन पाच. घराघरांतला फरक जितका मोठा, तितकी ही दरी रुंद. सगळ्या बायकांना सारखीच मुलं असती, तरच दोन्ही आकडे जुळले असते.

म्हणून 'पूर्वी घरोघरी डझनभर पोरं असायची' ही आठवण नेहमी थोडी फुगलेलीच असते. जी मुलं होती, तीच ती सांगत आली.

आता आजच्या आकड्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारताचा एकूण जननदर २.० निघाला. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत तो ३.४ होता. पाचव्या फेरीत महाराष्ट्र १.७, गोवा १.३, बिहार ३.०. वर्तमानपत्रात हे 'महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी १.७ मुलं' असं छापून येतं, आणि तिथे गडबड होते. ही १.७ मुलांची आई कुठेच राहत नाही. ती कागदावरची बाई आहे. आजच्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या वेगवेगळ्या बायकांचे त्या-त्या वयातले जन्मदर घ्यायचे, आणि एकच बाई या सगळ्या वयांतून त्याच दरांनी गेली तर तिला किती मुलं होतील, हे काढायचं. आजची पस्तिशीची बाई आणि आजची विशीतली मुलगी यांची आयुष्यं जोडून शिवलेली ही गोधडी.

गोधडीचा सांधा उसवतो तो बायकांनी मूल पुढे ढकललं की. जपानइतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नाही. तिथल्या जुन्या पंचांगात आपल्या संवत्सरांसारखंच साठ वर्षांचं चक्र आहे. त्यातलं एक वर्ष 'हिनोएउमा', अग्निअश्वाचं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी हट्टी निघते आणि नवऱ्याच्या आयुष्यावर उठते, अशी समजूत. (मूळ नक्षत्राच्या मुलींची स्थळं ज्यांनी मोडताना पाहिलीत, त्यांनी जपान्यांना हसू नये.) १९६५ साली जपानचा जननदर २.१४ होता. १९६६ हे अग्निअश्वाचं साल, दर थेट १.५८. १९६७ साली पुन्हा २.२३. एका वर्षात जपानी बायकांना आयुष्यभराची मुलं नकोशी झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा हवीशी झाली, असं काही घडलं नव्हतं. अनेकींनी फक्त तेवढं साल चुकवलं. पुढचं अग्निअश्व वर्ष साठ वर्षांनी, २०२६ मध्ये.

आपल्याकडेही मुलीचं लग्न एकविसाव्याऐवजी सत्ताविसाव्या वर्षी होऊ लागलं की काही वर्षं जननदर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. घसरण खोटी असते असं नाही. ती किती खरी, हे त्या मुली चाळिशी ओलांडल्यावर कळतं.

हे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण चालवणारी संस्था मुंबईत देवनारला आहे, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संस्था. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सव्वासात लाखांच्या आसपास बायकांच्या मुलाखती झाल्या. यात 'मुलं किती' असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. सोबत राहणारे मुलगे किती, मुली किती, दुसरीकडे राहणारे किती, जन्मून पुढे वारलेले किती, असं एकेक विचारत जावं लागतं. आणि शेवटी, जन्मल्यावर रडलं पण जगलं नाही असं एखादं बाळ होतं का? हा प्रश्न गाळला तर अशी किती बाळं हिशेबाबाहेरच राहतील. माझ्या पणजीच्या सातांत असं कुणी धरलं होतं की नाही, हे आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

छेदाची सगळ्यात मोठी गंमत मात्र स्वयंपाकघरात सापडते. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला आदल्या दिवसाच्या पहाटे चारपासून त्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा हिशेब विचारला, अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे पाडून. घरातल्या बिनपगारी कामाचा आकडा निघाला बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७ मिनिटं. बातम्यांत हेच दोन आकडे गाजले.

पण हे आकडे फक्त ज्यांनी त्या दिवशी असं काम केलं त्यांचे. असं काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. छेदात सगळ्यांना बसवलं तर बायकांची मिनिटं २४३ होतात, पुरुषांची साधारण २५. तिपटीचा फरक जवळजवळ दहापटीवर जातो, एकाही माणसाने एक भांडं कमी-जास्त न घासता.

काकांना मी आधी ९७ चा आकडाच वाचून दाखवला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दीड तास? पुरुष? रोज? आपल्यात कोण करतं गं एवढं?"

त्यांची शंका अगदी रास्त होती. ते त्या छेदात नव्हतेच.