बाळांचा जलपरिचय

बाळांचा जलपरिचय : तान्ह्या बाळाला आईवडिलांच्या हातात धरून, त्याच्या कलाने, कोमट पाण्याची ओळख करून देण्याची पद्धत. साधारणपणे जन्मानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून तीन वर्षांपर्यंतचा काळ तीत धरतात. बाळाने हात मारत अंतर कापावे, ही अपेक्षा यात नसते. पाण्यात असताना त्याचे अंग सैल राहावे, तोंडावर पाणी आले तरी त्याने घाबरू नये आणि ‘पुरे’ असे त्याने आपल्या परीने सांगितले की ते ऐकले जावे, एवढाच हेतू असतो. पोहणे शिकवणे हा यानंतरचा, वेगळा टप्पा आहे. या विषयावरचे पुष्कळसे वाद या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने निर्माण झाले आहेत.

महाराष्ट्रात बाळाचा पाण्याशी पहिला संबंध न्हाणीघरात येतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशी किंवा आजी पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर आधी पालथे आणि मग उताणे घेतात, तेल चोळतात आणि तांब्याने ऊन पाणी घालतात. डोक्यावरून पाणी घेताना डाव्या हाताचा तळवा बाळाच्या कपाळावर आडवा धरतात, त्यामुळे पाण्याची धार नाकातोंडात न जाता कानामागून ओघळते. जलपरिचयाच्या आजच्या वर्गांत पहिले काही दिवस हेच करवून घेतात : एका हाताने मानेला आधार, दुसऱ्याने डोक्यावरून थोडे पाणी आणि दर वेळी त्याआधी एकच ठरलेला शब्द. ज्या घरात रोजचे न्हाणे नीट होते, त्या घरातल्या बाळाचा अर्धा पाठ तिथेच झालेला असतो, असे म्हणायला हरकत नाही.

बाळाच्या कलाने घ्यावे हा विचारही जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात बालसंगोपनाचे नियम आले आहेत. बाळाला त्याच्या अंगाला सुख वाटेल असे उचलावे, दरडावू नये, एकाएकी जागे करू नये, हिसका देऊन उचलू वा वर उडवू नये आणि वेळेआधी बसवू नये, असे तेथे सांगितले आहे. या संहितेचा काळ निश्चित नाही. तिचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे, असे सामान्यतः मानतात. या नियमांत पोहण्याचा संबंध नाही आणि त्यावरून प्राचीन भारतात बाळांना पोहायला शिकवत असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात जलक्रीडेचे वर्णन येते, पण ती राजाची आणि अंतःपुराची क्रीडा आहे. बाळांशी तिचा संबंध नाही.

उगमाचा वाद : नवजात बाळाला पोहता येते का, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लिहिले जात आहे. उत्क्रांतिवादाच्या प्रभावाखाली ए. ए. मम्फर्ड यांनी १८९७ मध्ये नवजात बाळाच्या हातापायांच्या संथ हालचालींचा संबंध मानवाच्या उभयचर पूर्वजांशी जोडला. १९१९ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी याच्या उलट नोंद केली : नवजात बाळांना पाण्यात धरले असता सुसूत्र हालचाल दिसली नाही, दिसले ते भेदरलेले हातपाय झाडणे. दोघांनीही मोजक्याच बाळांवरून मत बनवल्याचे दिसते.

या वादात आजही सर्वाधिक आधार घेतला जातो तो न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांच्या १९३९ मधील अभ्यासाचा. ११ दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ बाळांची पाण्यातील वर्तणूक त्यांनी वेळोवेळी चित्रित केली. तीत त्यांना तीन अवस्था आढळल्या. पहिल्या काही महिन्यांत पालथ्या स्थितीत बाळाचे हातपाय लयीत, आलटून पालटून हलतात, धड वळते आणि ते थोडे पुढेही सरकते. चौथ्या महिन्याच्या सुमारास ही लय मोडते. बाळ उताणे होऊ पाहते, धरणाऱ्याला घट्ट पकडते, पाणी गिळते, खोकते. दुसऱ्या वर्षात केव्हातरी हेतुपुरस्सर हालचाल सुरू होते. मधल्या अवस्थेत मेंदूच्या बाह्यकाचा (बाहेरच्या थराचा) ताबा वाढत असतो व जुन्या प्रतिक्षिप्त क्रिया मागे पडत असतात, असा अर्थ त्यांनी लावला.

पहिल्या अवस्थेवर बोट ठेवून काहींनी ‘बाळ पोहतच जन्मते, आपण उशीर केला तर विसरते’ असा सिद्धान्त मांडला. सोव्हिएट संघात ईगर चार्कोव्स्की यांनी १९६० नंतर तान्ह्या बाळांना पाण्यात सरावण्याचे जे प्रयोग केले, त्यांच्या मुळाशी हीच धारणा होती. अमेरिकेत फ्लॉरिडामध्ये साधारण त्याच सुमारास बाळाला पाण्यात स्वतःहून उताणे होऊन तरंगायला लावणारी, काटेकोर सरावावर आधारलेली पद्धत पुढे आली. पश्चिम जर्मनीत कोलोन येथे लीझेलोट डीम यांचा आणि फ्रान्समध्ये १९७० च्या दशकातील ‘पोहणारी बाळे’ या चळवळीचा कल मात्र खेळाकडे होता. घाई नाही, बुडी नाही, पालक पाण्यातच. पहिला प्रवर्तक कोणाला म्हणावे याविषयी देशोदेशीचे लेखक आपापल्या प्रवर्तकांकडे झुकतात. मॅकग्रॉ यांच्या निरीक्षणांशी हा खेळाकडे कल असलेला प्रवाह अधिक सुसंगत वाटतो. लय मोडते ती विस्मरणाने नव्हे, मेंदूच्या वाढीमुळे, आणि नेमक्या त्या महिन्यांत बाळाला आधाराची गरज वाढलेली असते.

श्वास रोखण्याची क्रिया : बाळ पाण्याखाली आपोआप श्वास रोखते, हे विधान अर्धेच खरे आहे. यात दोन क्रिया एकत्र घडतात. चेहऱ्याला, विशेषतः नाक व कपाळाभोवती, गार पाणी लागले की श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्त हातापायांकडून हृदय-मेंदूकडे वळते. यास निमज्जन प्रतिक्षेप म्हणतात. दुसरी क्रिया स्वरयंत्राच्या तोंडाशी घडते. तिथे पाण्याचा स्पर्श झाला की लहानग्या बाळात गिळणे, श्वास थांबणे आणि घशाचे दार मिटणे असा क्रम दिसतो. वय वाढते तसतशी याची जागा खोकला घेतो. दोन्ही क्रिया काही क्षणांच्या आहेत आणि प्रत्येक बाळात सारख्या प्रमाणात दिसत नाहीत. शिवाय त्या पाण्याला पोटात जाण्यापासून रोखत नाहीत. पुन्हा पुन्हा बुडी दिल्यास बाळ बरेच पाणी गिळते, रक्तातील सोडियम उतरते आणि आकडी येऊ शकते; अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. प्रतिक्षिप्त क्रिया घडली म्हणजे बाळाने संमती दिली, असे नव्हे. हा भेद ज्या शिक्षकाला कळत नाही, त्याच्या हाती बाळ देऊ नये.

लाभ आणि धोके : अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची भूमिका बदलत गेली आहे. २००० मध्ये चार वर्षांपर्यंतची मुले रीतसर पोहणे शिकण्यास सामान्यतः तयार नसतात, असे तिचे मत होते. ते २०१० मध्ये सैल झाले. २०१९ च्या निवेदनात एक वर्षानंतरच्या अनेक मुलांना शिक्षणाचा उपयोग होतो असे म्हटले आहे. एक वर्षाखालील बाळांच्या वर्गांमुळे बुडण्याचा धोका घटतो याला मात्र पुरावा नाही, असेही त्यात स्पष्ट केले आहे. या बदलामागे २००९ चा एक अमेरिकी अभ्यास आहे. १ ते ४ वर्षे वयात शिक्षण घेतलेल्यांत बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी आढळला, परंतु आकडेवारीची मर्यादा ३ ते ९९ टक्के इतकी रुंद होती, म्हणजे खरी घट या दोहोंमध्ये कितीही असू शकते. या आकड्याचा आधार घेताना ती मर्यादाही सांगितली पाहिजे.

हालचालींच्या विकासाबाबत नॉर्वेतील २०१० चा एक छोटा अभ्यास उत्साहवर्धक आहे. बाळपणी पाण्यात खेळलेल्या मुलांचा तोल आणि पकड सुमारे पाचव्या वर्षी बरोबरीच्या मुलांपेक्षा चांगली आढळली. उलट बाजूला बेल्जियममधील २००७ च्या संशोधनात बंदिस्त, क्लोरिनयुक्त तलावांत लहानपणी गेलेल्या मुलांत श्वासनलिकेच्या तक्रारी अधिक दिसल्या. क्लोरिन आणि घाम-लघवी यांच्या संयोगातून तयार होणारा नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू यामागे असावा, असा अंदाज आहे. तलावाचा जो ‘वास’ म्हणतात तो बहुतांशी याचा असतो. वास उग्र असेल तर बाळाला तिथे नेऊ नये.

प्रत्यक्ष पद्धत : पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता खेचून घेते आणि वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्र मोठ्या माणसाहून बरेच जास्त असते. म्हणून सहा महिन्यांखालील बाळासाठी पाणी किमान ३२ अंश सेल्सिअस असावे, त्यानंतर ३० च्या आसपास चालते. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नये. नाळ पडून बेंबी कोरडी झालेली असावी. लसीकरणाच्या आधी वा नंतर पाण्यात जाण्याला हल्ली सहसा हरकत घेत नाहीत. पण ताप, जुलाब, कान फुटणे असे काही असेल तर घरीच थांबावे. आईसाठी साधारण सहा आठवड्यांची विश्रांती सांगतात. घरोघरी पाळला जाणारा सव्वा महिना जवळपास तिथेच येतो.

बाळाला छातीशी, डोळ्याला डोळा भिडेल असे धरून आपण खांद्यापर्यंत पाण्यात बसायचे. बाळ मान धरू लागले की त्याला थोडे लांब धरता येते. मूठ आवळणे, तोंड फिरवणे, पाठ ताठ करणे, जांभया देणे ही थांबण्याची चिन्हे होत. ओठ निळसर झाले किंवा हनुवटी थरथरली तर ताबडतोब बाहेर काढून पंच्यात गुंडाळावे. शेजारचे बाळ आनंदाने पाणी उडवत असले आणि आपले खांद्याला चिकटून असले, तर त्या दिवशी खांद्यालाच चिकटून राहू द्यावे. एखाद्या बाळाला यातून बाहेर यायला दोन आठवडे लागतात, एखाद्याला दोन ऋतू.

पुण्यातील स्थिती : पुण्यात पोहणे ही पूर्वी विहिरीवर आणि नदीवर शिकण्याची विद्या होती. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि काठावरून काका नाहीतर मामा ढकलून देणार. हे शाळकरी वयाच्या मुलांचे, बहुतांशी मुलग्यांचे शिक्षण होते. पुढे डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावासारख्या ठिकाणी पिढ्या पोहायला शिकल्या. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीत उभ्या राहिलेल्या शिवछत्रपती क्रीडानगरीत शर्यतींच्या मापाचा तलाव झाला. यांतले काहीही तान्ह्या बाळांसाठी योजलेले नव्हते, आणि एप्रिल-मे महिन्यांतले उन्हाळी वर्गही शालेय मुले डोळ्यांपुढे ठेवूनच भरतात.

बाळांचा जलपरिचय येथे रुजला तो प्रामुख्याने गृहसंकुलांतील तलाव आणि तापवलेल्या पाण्याचे मोजके खासगी वर्ग यांमुळे. संकुलातील उघड्या तलावाचे पाणी डिसेंबर-जानेवारीत मोठ्या माणसालाही झोंबते, त्यामुळे बाळासाठी खरा हंगाम मार्चअखेर ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा. तेव्हाही ऊन कलल्यावर जावे. सकाळी तेल चोळून आणलेले बाळ पाण्यात हातातून निसटते, म्हणून त्या दिवशी मालिश संध्याकाळवर ढकलावे. गळ्यातला काळा दोरा, वाळे, मनगट्या घरी काढून ठेवाव्यात. काजळ-तीट पाण्याने डोळ्यांत उतरते. पाण्यातले लंगोट लघवी अडवत नाहीत आणि पातळ शीसुद्धा भरवशाने अडवत नाहीत. दंडावर फुगवायच्या पट्ट्या हे जीवरक्षक साधन नव्हे.

तलावापेक्षा मोठा धोका पुष्कळदा घरातच असतो. पाणी एक वेळ येणाऱ्या भागांत बादल्या, पिंपे भरून ठेवण्याची सवय आहे. नुकते उभे राहू लागलेले मूल डोक्याच्या वजनाने बादलीत तोल जाऊन पडते आणि त्याला स्वतःहून वर येता येत नाही. त्यासाठी काही सेंटिमीटर पाणीही पुरते. पाण्यात रमणारे बाळ पाण्याकडे अधिक ओढीने जाते, त्यामुळे वर्गाला जाणाऱ्या घरांत न्हाणीघराचे दार लावून घेणे आणि बादल्या झाकून ठेवणे इतरांपेक्षा अधिकच गरजेचे आहे.