विश्रांती, व्यायामातील

व्यायामाने शरीरावर पडलेला ताण ओसरावा, झीज भरून निघावी आणि पुढचा भार पेलण्याची क्षमता अंगी यावी म्हणून दोन फेऱ्यांत, दोन दिवसांत किंवा दोन हंगामांत मुद्दाम ठेवलेला अवकाश. काही सेकंद दम खाण्यापासून काही आठवड्यांच्या सुट्टीपर्यंत त्याची व्याप्ती असते. विश्रांती म्हणजे भार थांबवणे, तर पुनर्भरण म्हणजे त्या अवधीत शरीरात घडणाऱ्या क्रिया. बोलण्यात या संज्ञा एकमेकींच्या जागी येतात, पण हा भेद पाळणे इष्ट आहे. कारण भार थांबला तरी झोप किंवा आहार अपुरा असेल तर पुनर्भरण होईलच असे नाही. व्यायाम संपतो त्या क्षणी माणूस सुरुवातीपेक्षा थोडा दुबळाच असतो. ताकद वाढते ती नंतरच्या तासांत आणि दिवसांत.

प्राचीन उल्लेख : व्यायामाला मर्यादा हवी हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम अर्ध्या बळानेच करावा असे सांगितले असून ‘बलार्धा’ची खूणही दिली आहे : हृदयस्थानी असलेला वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिव्यायामाचे श्रम, क्लम (ग्लानी), क्षय, तृष्णा, कास (खोकला), ज्वर इ. दुष्परिणाम येतात. या संहितांचे आजचे पाठ अनेक शतकांच्या संस्करणांतून तयार झाले आहेत, त्यामुळे या वचनांना नेमके शतक लावणे धाडसाचे ठरेल. विश्रांतीच्या आधुनिक संकल्पनेचे मूळ त्यांत शोधण्याचा मोह अनेकांना होतो, पण येथे मर्यादा घातली आहे ती एका दिवसाच्या व्यायामाला. कठीण दिवसानंतर हलका दिवस ठेवावा अशी मांडणी त्यांत नाही.

अशी मांडणी ग्रीक परंपरेत दिसते. फिलोस्ट्रॅटसच्या नावावरील ‘जिम्नॅस्टिकस’ हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानतात. त्या नावाचे एकाहून अधिक लेखक होऊन गेल्याने कर्तृत्वाबद्दल चर्चा झाली आहे. त्यात मल्लांच्या चार दिवसांच्या चक्राचे वर्णन आहे : पहिल्या दिवशी तयारी, दुसऱ्या दिवशी सर्व शक्ती पणाला, तिसऱ्या दिवशी शिथिलता, चौथ्या दिवशी मध्यम श्रम. विशेष म्हणजे ग्रंथकर्ता या चक्राचा पुरस्कर्ता नसून टीकाकार आहे. ऑलिंपियात जिंकल्यानंतर मद्यपानाने शिणलेल्या गेरेनस नावाच्या मल्लाला त्याच्या शिक्षकाने चक्र मोडू नये म्हणून सरावाला उभे केले आणि त्यात त्याचा अंत झाला, ही कथा तो सांगतो. त्या दिवशीची शरीराची अवस्था न पाहता ठरलेले वेळापत्रक रेटू नये, हा त्याचा आक्षेप आजही तितकाच लागू आहे.

आधुनिक काळ : विसाव्या शतकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइनडेल यांनी विरामयुक्त धावण्याची पद्धत शास्त्रीय पायावर आणली. धावताना नाडी मिनिटाला सुमारे १८० पर्यंत न्यायची आणि ती १२० पर्यंत उतरली की पुढची फेरी घ्यायची. उतरायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला तर भार जास्त झाला असे समजायचे. हृदयाला खरा लाभ विरामात होतो अशी त्यांची धारणा होती. ती पूर्णपणे टिकली नाही, पण विरामाची लांबी हेच सरावाचे माप मानणारी ही बहुधा पहिली पद्धतशीर मांडणी होय. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला.

अतिभरपाईचा सिद्धांत : श्रमाने क्षमता खाली येते, विश्रांतीत ती मूळ पातळीवर येते, तिथे न थांबता थोडी वर जाते आणि काही काळाने पुन्हा उतरते, वर गेलेली असतानाच पुढचा व्यायाम गाठावा. हा सिद्धांत प्रशिक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. त्याच्या जनकत्वाबद्दल मात्र एकमत नाही. झीज भरताना ऊती गरजेपेक्षा जास्त निर्मिती करतात, हे तत्त्व काही लेखक एकोणिसाव्या शतकातील जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांच्याकडे नेतात. इतर काही रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे शिष्य फोलबोर्ट यांच्या ग्रंथींच्या थकव्यावरील प्रयोगांपासून सुरुवात करतात. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेल्या ताणाच्या प्रतिसादाशीही (इशारा, प्रतिकार, शक्तिपात) तो जोडला जातो. पण सेल्ये यांचे प्रयोग मुख्यतः इजा, थंडी, विषारी द्रव्ये यांचे होते, ही गोष्ट जोडणारे सहसा सांगत नाहीत. खेळाच्या संदर्भात या सिद्धांताला जीवरासायनिक रूप देण्याचे श्रेय लेनिनग्राडचे निकोलाय याकोव्हलेव्ह यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांचे लेखन साधारणपणे १९५० च्या आसपासचे आहे.

अतिभरपाईच्या सिद्धांताला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो १९६६ मध्ये. स्वीडनचे बेर्गस्ट्रोम आणि हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला : प्रत्येकाने एकाच पायाने थकेपर्यंत सायकल चालवली आणि नंतर कर्बोदकांनी युक्त आहार घेतला. तीन दिवसांनी श्रमलेल्या पायातील ग्लायकोजेन (स्नायूंतील कर्बोदकांचा साठा) दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाले होते. आहार एकच, रक्त एकच, फरक फक्त श्रमाचा. हा प्रयोग देखणा आहे, पण तो ग्लायकोजेनपुरता आहे. ताकद, कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या), चेतासंस्था, रक्ताचे प्रमाण या साऱ्यांचा आलेख असाच वर-खाली जातो हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि अतिभरपाईची नेमकी घटिका गाठण्याचा सल्लाही त्यामुळे डळमळीत होतो.

१९७५ च्या सुमारास कॅनडात एरिक बॅनिस्टर व सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. प्रत्येक व्यायाम एकाच वेळी दोन ठसे उमटवतो, तंदुरुस्तीचा आणि थकव्याचा. थकव्याचा ठसा मोठा असतो पण लवकर पुसला जातो. तंदुरुस्तीचा लहान असतो पण टिकतो. प्रत्यक्ष कामगिरी ही दोहोंची वजाबाकी. प्रतिमानात थकव्याचा कालांक (ठसा किती सावकाश पुसला जातो याचे माप) बहुधा ७ ते १५ दिवस, तर तंदुरुस्तीचा चाळीसहून थोडा अधिक दिवस धरतात. हे आकडे व्यक्तिगणिक बदलतात आणि त्यांवरून भाकीत करणे कठीण जाते. तरीही स्पर्धेपूर्वी सराव कमी केल्यावर कामगिरी का सुधारते, याचा उलगडा या प्रतिमानाने अधिक सरळ होतो. बॉस्के व सहकाऱ्यांच्या २००७ मधील एकत्रित विश्लेषणानुसार सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून तीव्रता तशीच ठेवणे सर्वांत लाभदायक ठरते. विश्रांती येथे नवीन काही घडवण्याआधी, घडलेले झाकून टाकणारा थकवा दूर करते.

शरीरातील क्रिया : प्रत्येक क्रियेची गती निराळी असल्याने ‘किती विश्रांती हवी’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्नायूंतील फॉस्फोक्रिएटीन (थोड्या वेळाच्या जोरासाठीचा ऊर्जासाठा) अर्ध्या मिनिटात निम्मे आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरते. जड वजनाच्या दोन फेऱ्यांत इतका अवधी ठेवतात तो यासाठी. लॅक्टेट (जोरदार श्रमात स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्लाचे रूप) तासाभरात पूर्वपदावर येते. रिकामे झालेले ग्लायकोजेन पुरेसा आहार मिळाल्यास साधारण एका दिवसात भरते. वजनाच्या व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मिती एक ते दोन दिवस वाढलेली राहते. कंडरांचे काम सावकाश चालते : जोरदार भारानंतर पहिला सुमारे दीड दिवस त्यांत कोलॅजेन (त्यांचे मुख्य प्रथिन) बनण्यापेक्षा मोडतेच जास्त. स्नायू तयार वाटत असताना कंडरा मागे असू शकतात, आणि घाईने भार वाढवणाऱ्यांच्या अनेक दुखापती तिथेच होतात.

अनभ्यस्त व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत येणाऱ्या दुखीबद्दल गैरसमज रूढ आहे. मराठीत आपण ‘अंग आंबले’ म्हणतो, त्यामुळे आम्ल साचल्याचे स्पष्टीकरण सहज पटते. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच या दुखीचे कारण स्नायूंमधील सूक्ष्म फाटणे असावे असे सुचवले होते. १९८३ मधील एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले पण अंग दुखले नाही. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही, अंग मात्र दुखले. स्नायू ताणला जात असताना बळ लावावे लागणे हे खरे कारण. दुखी हे उत्तम व्यायामाचे प्रमाणपत्र नव्हे, आणि ती थांबली म्हणजे पुनर्भरण पूर्ण झाले असेही नाही.

साधने : झोप सर्वांत महत्त्वाची. गाढ झोपेच्या टप्प्यात वृद्धिसंप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. प्रौढांना किमान सात तास झोप हवी असे तज्ज्ञ मानतात. स्टॅनफर्ड येथील ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्यास सांगितले असता त्यांची धाव व चेंडू टाकण्यातील अचूकता सुधारली (२०११), मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मालिशने दुखीची जाणीव घटते. हलक्या हालचालीने लॅक्टेट लवकर निघते. दुसऱ्या दिवशीच्या क्षमतेवर तिचा परिणाम बेताचाच असतो. थंड पाण्यात बसल्याने बरे वाटते हे खरे, पण २०१५ मधील बारा आठवड्यांच्या अभ्यासात वजनाच्या प्रत्येक सत्रानंतर असे करणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ कमी भरली. एका आठवड्यात अनेक सामने असलेल्या खेळाडूला ते उपयोगी ठरू शकते. स्नायू कमावणाऱ्याने रोज टाळावे.

अतिसराव : युरोपीय व अमेरिकी क्रीडावैद्यक संस्थांच्या २०१३ च्या संयुक्त निवेदनात तीन पायऱ्या मानल्या आहेत. पहिलीत काही दिवसांच्या विश्रांतीने कामगिरी पूर्वीहून सुधारते; दुसरीत पूर्वपदावर यायला आठवडे ते महिने लागतात; तिसरीत, म्हणजे अतिसराव लक्षणसमूहात, त्याहूनही अधिक काळ. सीमारेषा बहुधा मागे वळून पाहतानाच कळते. निदानासाठी एखादी निर्णायक रक्तचाचणी नाही. रक्तक्षय, संसर्ग, अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार व अपुरा आहार ही कारणे आधी वगळावी लागतात. सकाळची वाढलेली नाडी, चिडचिड, उडालेली झोप आणि नेहमीचा भार जड वाटणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास दुर्लक्ष करू नये.

सामान्य व्यायामकर्ता : येथे पुरावा विरळ होतो, कारण बहुतेक प्रयोग तरुण पुरुष खेळाडूंवर झाले आहेत. एकाच स्नायुगटाच्या दोन वजन-सत्रांत ४८ तास ठेवण्याची शिफारस सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सुचवले आहेत, सुट्टीच्या दिवसांची संख्या दिलेली नाही. चालण्यासारखा हलका व्यायाम रोज करण्यास हरकत नसते. सुट्टी घेतली तर कमावलेले जाईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. कॉयल व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सरावलेल्या सात जणांचा सराव पूर्ण बंद केला, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता २१ दिवसांत ७ टक्के घटली आणि ५६ दिवसांनी सुमारे १६ टक्के घटीवर स्थिरावली. स्नायूंची ताकद त्याहून चिवट असते. ती सहसा तीन-चार आठवडे फारशी घटत नाही.