भोपळ्याचा बिनपडद्याचा बँजो : किट उघडायच्या आधी हे वाचा

आधी एक खुलासा, कारण फोनवर रोज तेच विचारतात. हा गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो नाही हो. तो बटणं दाबून वाजवतात तो बुलबुल तरंग, जपानी वाद्यावरनं आलेला. हा बँजो आफ्रिकन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळा, कातडं, काठी यातनं घडवलेला, आणि सेनेगल-गाम्बियाकडे जोला लोक आकोंटिंग वाजवतात ते याचं जवळचं भावंड. हान्स स्लोन नावाचा डॉक्टर 1687 ला जमैकात गेला होता, त्याने 1707 च्या पुस्तकात असल्या वाद्यांचं चित्र छापलंय. पडदे म्हणजे फ्रेट, दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, ते सर्रास आले 19व्या शतकाच्या शेवटी शेवटी.

घरी करायला बिनपडद्याचाच सोपा. पडदे बसवायचे तर उरलेली लांबी दर वेळी 17.817 ने भागत जायचं, आणि एक पट्टी जरा सरकली की तो सूर कायमचा बिघडला. इथे ती भानगडच नाही, घोडी (कातड्यावर तारा जिच्यावर टेकतात ती) थोडी पुढेमागे झाली तरी चालतं, बोट कुठे ठेवायचं ते कान सांगतो. सरोदलाही पडदे नसतात आणि तोंडावर बकरीचं कातडंच असतं की.

भोपळा कडू, एकतारीला घेतात तसला, वाळवून कापलेला. आतला वाळका गर चमच्याने खरवडा, पण नाकातोंडाला रुमाल बांधून, ती धूळ फार झोंबते. सागवानी दांडी भोपळ्याच्या आरपार जाते, भोकं आम्ही मुद्दाम लहान ठेवलीत, कानशीने थोडं थोडं वाढवा आणि दांडी घट्ट बसली की थांबा.

आता कातडं. निम्मे लोक इथेच घाई करतात. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, गरम पाणी अजिबात नको, कातडं शिजतं. ओलं असताना पैलवानासारखं ताणू नका, सुरकुत्या जातील इतकंच, वाळताना ते आपोआप आवळतं आणि आधीच जास्त ताणलेलं असेल तर भोपळा चिरतो. पितळी चुका समोरासमोर मारायच्या, घड्याळातल्या 12 ला मारली की पुढची 6 ला, मग 3, मग 9, आणि प्रत्येक चुकेआधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या. मग 2 दिवस सावलीत ठेवा, ऊन नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. उंचावर ठेवा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलॅचियन डोंगरात बँजोला मांजराचं कातडं लावायचे, आपल्याकडे मात्र एका गिऱ्हाईकाचं कातडं मांजरानेच पळवलं.

तारा नायलॉनच्याच लावा, स्टीलचा ताण या दांडीला झेपणार नाही. आखूड पाचवी तार अंगठ्याची, तिची खुंटी दांडीच्या कडेला, वरच्या पट्टीपासून (खुंट्यांकडच्या टोकाला लांब तारा जिच्यावर टेकतात ती) साडेसहा इंचावर (पूर्ण तार 26 इंच आहे, त्याचा पाव भाग). लांब तारा जाडीकडून बारीककडे मंद्र प, सा, ग, प अशा लावा, आणि आखूड तार वरचा सा. ती सतारीच्या चिकारीसारखी मध्ये मध्ये वाजत राहते. जुन्या पद्धतीत तर्जनीचं नख वरून खाली मारायचं आणि मग अंगठा. खुंटी सरकली तर खडू घासा, अडकली तर कोरडा साबण.

पावसाळ्यात कातडं सैल पडून आवाज बसणार, हा किटचा दोष नाही, रिटर्नसाठी फोन करू नका. हलगीवाले शेकतात तसं लांबून, तापणाऱ्या पिवळ्या बल्बसमोर 10 मिनिटं धरा, परत टणक होतं. उन्हाळ्यात बंद गाडीत मात्र ठेवून जाऊ नका.

कातडं फाटलंच तर बँजो दुकानात घेऊन या, नवीन चढवून देतो, पहिल्या वर्षी फक्त कातड्याचे पैसे. येताना तारा सैल करून आणा.