द्राक्षावरची पांढरी पावडर म्हणजे यीस्ट नव्हे

परसात चार वेल लावून घरी वाइन करणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: ‘द्राक्षं धुऊ नका, ती पांढरी पावडर म्हणजेच यीस्ट.’ बाजारात तीच पावडर औषधाची फवारणी ठरते! दोन्ही चूक.

ते मेण आहे, फळानं स्वतःच सालीवर चढवलेलं. आतलं पाणी उडू नये म्हणून. मणी अंगठ्यानं पुसा, खाली चकचकीत साल दिसेल. पाण्याखाली नुसता धरलात तर थर बहुतेक तसाच राहतो. (भुरी रोग वेगळा: ती बुरशी, आणि मणी तडकतात.)

सालीवर यीस्ट असतंच, पण वाइन शेवटास नेणारं सॅकरोमायसिस धडधाकट मण्यावर फार थोडं. तिथं जास्त असतात त्या रानटी जाती. त्या फेस झटपट आणतात आणि अल्कोहोल ४-५ टक्क्यांवर गेलं की बहुतेक गळतात. २४ ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण २४ टक्के साखरेच्या रसाला जायचं असतं साधारण १३ टक्के अल्कोहोलपर्यंत. नशीब असेल तर सॅकरोमायसिस मधेच सूत्रं हाती घेतं. नाहीतर बरणीत गोडसर, नेलपॉलिशच्या वासाचं काहीतरी उरतं. त्यापेक्षा ५ लिटर रसाला १ ग्रॅम वाइन-यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घाला. आणि द्राक्षं खुशाल धुवा, फक्त नीट निथळू द्या.