रोजा : शारीरिक परिणाम

रमजान या इस्लामी पंचांगातील नवव्या महिन्यात पहाटेच्या फज्र नमाजाच्या वेळेपासून सूर्यास्तापर्यंत पाळला जाणारा उपवास म्हणजे रोजा. मराठी घरांतल्या उपवासासारखा यात फराळ नसतो आणि पाणीही वर्ज्य असते. शरीराच्या दृष्टीने तो निर्जळी उपवासच असला, तरी तो रोज संध्याकाळी सुटतो आणि २९ किंवा ३० दिवस चालतो. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान ऋतूंतून मागे सरकत जातो. त्यामुळे मुंबईत हिवाळ्यात साडेबारा तासांच्या आसपास असणारा रोजा जूनमध्ये साडेचौदा तासांवर जातो.

सहरीचे, म्हणजे पहाटेपूर्वीच्या जेवणाचे, अन्न पचल्यावर रक्तातील इन्सुलिन उतरते आणि यकृतात साठवलेल्या साखरेपासून, म्हणजे ग्लायकोजेनपासून, ग्लुकोज मिळू लागते. हा साठा आटत जातो तसतसा, साधारणतः दिवसाच्या उत्तरार्धात, चरबीचा वापर वाढतो. स्नायूंची मोठी झीज होण्याआधीच इफ्तारची, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडण्याची, वेळ होते. त्यामुळे निरोगी प्रौढाला भुकेपेक्षा तहानच अधिक जाणवते. घाम आणि श्वासावाटे पाणी जातच राहते व मूत्रपिंडे लघवी दाट करून ते राखू पाहतात. पहिल्या काही दिवसांतील डोकेदुखीत तहानेबरोबरच अपुऱ्या झोपेचा आणि सुटलेल्या चहाचाही वाटा असतो. महिन्याभरात एखादा किलो वजन उतरते, पण ते बहुधा परत येते. रात्री मालपुवा, फिरनी आणि तळलेले पदार्थ भरपूर खाल्ले, तर तेवढेही उतरत नाही.

खरा धोका मधुमेहींना असतो. १३ देशांतील सुमारे १२ हजार मधुमेहींच्या २००१ मधील ‘एपिडायर’ पाहणीत इतर महिन्यांच्या तुलनेत रमजानमध्ये रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ४.७ पट, तर दुसऱ्या प्रकारात ७.५ पट आढळले. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रा आणि वेळा रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांकडून बदलून घेणे आवश्यक असते. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांना (इस्लामी धर्मपंडितांना) मान्य आहे; तरीही त्या भीतीने तपासणी टाळली जाते. साखर दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात (अध्यायात) आजारी व्यक्ती आणि प्रवासी यांना सूट आहे. बरे झाल्यावर ते रोजे ‘कजा’ म्हणून भरून काढता येतात आणि ज्यांना ते कधीच शक्य नाही, त्यांनी ‘फिद्या’ म्हणून गरिबाला जेवण द्यायचे असते.